मुनवरची रेघ

वाशी
जि. धाराशिव
१२ जून २०२५

मुनवर,

पाकीट उघडलंस म्हणजे अक्षर ओळखलं नसणार. आता ओळखलं असेल तर फाडू नकोस, निदान अर्ध्यापर्यंत वाच. जहीराबादचा तुझा पत्ता माझ्याकडं नाही. तुझ्या जमिलाबीच्या भावाच्या दुकानाचं नाव आठवलं, तेच पाकिटावर घातलंय. फोन तीनदा लावला होता. माझा आवाज आला की तू ठेवून देतोस, म्हणून हा उद्योग.

लिहायचं कारण एक शब्द आहे. दुकानात शब्दांचा माणूस तू होतास, मी नुसता पान्याचा.

काल एक पोरगा लाल गाडी घेऊन आला. पुढची दोन्ही चाकं वरून आत कललेली, खालून बाहेर फाकलेली. म्हटलं, "गाडी फेंगडी चालतीय की रे, कुठं आदळली?" तर माझ्याकडं असं बघितलं, जणू मी त्याच्या आईला काही बोललो. म्हणाला, "काका, मुद्दाम केलंय. ह्याला स्टान्स म्हणत्यात." मुनवर, आपण बावीस वर्षं फेंगडी चाकं सरळ करून पोट भरलं. आता सरळ चाकं फेंगडी करून घ्यायला लोक पुण्याला जातात.

आणखी ऐक. मोटारसायकलच्या तारा नसलेल्या चाकाला आपण मॅक म्हणायचो. तूच कुठून तरी शोध लावलास, की मूळ शब्द मॅग आहे, एका हलक्या धातूवरून आलेला, आणि आपल्याकडच्या चाकात तो धातू नावालासुद्धा नसतो. महिनाभर येईल त्या गिऱ्हाइकाला ऐकवत होतास. आता मॅक म्हटलं की पोरं हसतात. अलॉय म्हणायचं. टायरला शूज म्हणायचं. आणि गुळगुळीत टायर, जो बघून तू माणसाला दुकानाच्या पायरीवरूनच परत पाठवायचास, त्याला स्लिक म्हणायचं आणि त्याचे फोटो काढायचे. तू असतास तर भांडून भांडून घसा बसवला असतास. मी ऐकून घेतो आणि हवा भरतो.

बाकी माझं विचारशील तर सत्यभामा जाऊन दोन वर्षं झाली. शिवांजली सासरी लातूरला सुखात आहे, रविवारी फोन करते. दुकान तेच, वाशी फाट्यावरचं. आता एकटाच असतो. पहिल्या पहिल्यांदा पाना मागायला हात मागं करायचो, अजूनही कधी कधी करतो.

तू रागानं निघून गेलास त्याला येत्या डिसेंबरात नऊ वर्षं होतील. राग कशाचा, ते मी विचारत नाही. एक ओळ लिही, एवढंच मागतो. शिवी लिहिलीस तरी चालेल.

तुझा
उत्तरेश्वर


वाशी
३ जुलै २०२५

मुनवर,

ओळ आली नाही. पाकीटही परत आलं नाही, म्हणजे पोचलं असं मी धरून चालतो.

परवा धाराशिवला गेलो होतो, कॉम्प्रेसरचा पट्टा आणायला. तिथं बसस्टँडच्या पुढं चाकांचं एक मोठं काचेचं दुकान झालंय. भिंतीवर चाकं अशी टांगलीत, जशी सराफाच्या दुकानात बांगड्या मांडतात. दुकान कुणाचं ते लिहायला पाच मिनिटं पेन धरून बसलोय. ईटच्या बंडप्पांच्या योगीराजचं. आपल्याकडून नवी चाकं बसवून गेला आणि ईटच्या रस्त्याला ज्याचं मागचं चाक निखळून गाडी उलटली, तोच. डावा पाय अजून ओढत चालतो. पोलीस भरती गेली ती गेलीच, गाड्यांचं वेड तेवढं राहिलं आणि त्यातून हे उभं केलं.

आणि आत बॅलन्सिंगच्या मशीनवर तुझा अबुजर.

ओळखायला वेळ लागला नाही. टायर उचलताना तुझ्यासारखंच आधी मांडीला टेकवतो. त्यानं मला बघितलं आणि मान मशीनकडं वळवली. नंतर कळलं, तीन महिने झाले लागून. नुसतं अबुजर शेख, जहीराबाद, एवढंच सांगितलंय. तुला माहीत आहे का, तो कुठं काम करतो ते? मला वाटतं त्याला वाशीजवळ यायचं होतं. पोरगा वाशीच्याच शाळेत दहावीपर्यंत शिकलेला, त्याला दुसरं गाव आपलं कसं वाटेल.

आता जे लिहितोय ते तुझ्यापासून लपवावं असं फार वाटलं. पण दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळू दे.

एक पोरगा चाक घेऊन आला, विकायला. तिथल्या पोरांनी उलटंपालटं करून बघितलं आणि एकजण म्हणाला, "मुनवर हाय रे ही." सगळे हसले. मी विचारलं, "मुनवर म्हणजे काय?" तो म्हणाला, "मुनवर म्हंजी दिसायला ओरिजिनल, आतनं बोगस. डुप्लिकेट अलॉय, डुप्लिकेट शूज, समदं मुनवर." म्हटलं, "हा शब्द आला कुठनं?" तर म्हणाला, "काय की. पहिल्यापासनं म्हणत्यात."

मुनवर नावाचा माणूस होता, हेच त्यांना माहीत नाही.

आपल्या दुकानाची रीत तुला सांगायला नको, पण मला ती लिहावीशी वाटते. चाक एकानं कसायचं आणि दुसऱ्यानं पान्यानं तपासायचं. तपासून झालं की तपासणाऱ्यानं खडूनं नटावरून चाकापर्यंत रेघ ओढायची. नट सैल झाला की रेघ तुटते, ड्रायव्हरला बसल्या जागी दिसतं. रेघ दोघंही मारायचो, पण तुझी सरळ यायची म्हणून नाव तुझं पडलं. सोलापूरपासून बीडपर्यंतचे ड्रायव्हर म्हणायचे, "मुनवरची रेघ हाय, बिनघोर चल." मग योगीराजची गाडी उलटली. निखळलेल्या चाकावरसुद्धा रेघ होती. तेव्हापासून जे वरून पक्कं आणि आतून सैल, ते मुनवरची रेघ झालं. पुढं पोरांनी रेघ टाकून दिली आणि नुसतं मुनवर ठेवलं.

अबुजरनं ते ऐकलं. एकाच चाकाला दोनदा वजन लावलं आणि दोन्हीदा काढलं. मी पट्टा न घेताच परत आलो.

उत्तरेश्वर


वाशी
२१ जुलै २०२५

मुनवर,

जे व्हायला नको होतं ते झालं. कुणाला तरी गाडी चालवून दाखवायची म्हणून दुकानात अबुजरचं लायसन्स मागितलं. त्यावर पूर्ण नाव आलं, अबुजर मुनवर शेख. पोरं आधी हसली. बापाचं नाव मुनवर म्हणून नुसती मजा वाटली त्यांना. योगीराज हसला नाही. त्यानं विचारलं, "वाशीचे मुनवर का?" आणि तुझ्या लेकानं व्हय म्हणून सांगितलं. खोटं बोलला असता तर निभावलं असतं, पण नाही बोलला.

योगीराजनं त्याला घरी बसवलंय आणि काल स्वतः माझ्याकडं आला. पायरी चढताना कठड्याला धरावं लागतं त्याला. मी खुर्ची दिली. त्यानं सरळच विचारलं. "काका, पोरगं कामाला लई चांगलं हाय. पर ज्याच्या बापानं माझा पाय घालवला, त्याच्या हातनं मी गिऱ्हाइकाची चाकं कशी कसून घेऊ? तुम्ही बावीस वर्षं संगं काम केलंय. तुम्ही म्हणाल तसं करतो. मुनवरकाका तसा माणूस व्हता का?"

मी म्हणालो, माणूस चांगला होता.

तो म्हणाला, "मग?"

मी म्हणालो, चूक कुणाकडूनही होते.

तो गेल्यावर मी दुकान बंद केलं, दिवसाउजेडी. दोन्ही वाक्यं मी पुन्हा पुन्हा मनात म्हणून बघितली. दोन्हीत खोटं असं काही नाही. इतकं सफाईनं बोललो, की माझी मलाच शिसारी आली. पंधरा ऑगस्टपर्यंत अबुजरचं काय ते ठरवतो, असं योगीराज म्हणालाय. ठेवलं नाही तर धाराशिवात दुसरा कोणी त्याला दारात उभं करणार नाही, कारण आता नाव सगळ्यांना कळलंय.

तू काही लिहू नकोस. आज तुझी ओळ आली असती तर ती वाचायची माझी हिंमत झाली नसती.

उत्तरेश्वर


वाशी
२७ जुलै २०२५

मुनवर,

पहिल्या पत्रात मी लिहिलं, तू रागानं निघून गेलास, राग कशाचा ते विचारत नाही. किती साळसूद वाक्य आहे ते. तुला सगळं माहीत आहे. तरी लिहितो, कारण माझ्या हातानं ते कधी कागदावर उतरलेलं नाही.

नऊ डिसेंबर, शुक्रवार. योगीराजची पांढरी गाडी. तीन चाकं तू कसलीस, मी तपासली, रेघा मारल्या. चौथं, मागचं उजवं, नट नुसते हातानं फिरवून बसवलेलं होतं आणि तुझी जुम्याच्या नमाजाची वेळ झाली. हात धुताना तू म्हणालास, "मागचं उजवं हातानंच लागलंय. म्या आल्याबिगर गाडी सोडू नगंस." मी म्हणालो, व्हय व्हय, जा.

तेवढ्यात लातूरहून फोन आला. शिवांजली त्यांना पसंत होती, पुढच्या रविवारी सुपारी फोडू म्हणाले. फोन मान आणि खांद्यात धरून मी हसत होतो, बोलत होतो, आणि हातात खडू होता. हाताला सवयच होती. चौथ्या चाकावर रेघ मारून मी मोकळा झालो. रेघ आधी आणि पाना नंतर, असं बावीस वर्षांत एकदाही केलं नव्हतं. नंतर पाना मारीन म्हटलं, आणि बोलण्याच्या नादात विसरलो. योगीराजची घाई चालली होती, त्याचे मित्र ईटला फोटो काढायला थांबले होते. मी चावी दिली.

तू आल्या आल्या विचारलंस, "चौथं?" मी म्हणालो, लावलं. मुनवर, तेवढ्यापुरता मी खोटं बोललो नव्हतो. रेघ मारलेली मला आठवत होती, आणि रेघ मारली म्हणजे चाक कसलेलं असणारच. आपल्या दुकानात दुसरं काही होऊच शकत नव्हतं.

पण दुसऱ्या दिवशी बंडप्पा दारात उभे राहिले, तेव्हा मला सगळं कळलेलं होतं. "कुणाच्या हातचं चाक?" असं त्यांनी विचारलं. तू माझ्याकडं बघितलंस. मी हवेचं मीटर पुसत बसलो. किती वेळ पुसत होतो, तू मोजलं असशील. मग तू म्हणालास, "चाक माझ्या हातचं व्हतं." तू मला वाट करून दिली होतीस. आता हा बोलेल, असंच तुला वाटलं असणार. मी नाही बोललो. रविवारी सुपारी होती.

याहून वाईट पुढं आहे. नमाजाच्या घाईत चाक सैल सोडून पळाला, असं गावात झालं. तुझं नाव मुनवर म्हणून लोकांना ते पटायला वेळ लागला नाही. मला हे कळत होतं. चहाच्या टपरीवर माझ्यासमोर लोक बोलले आणि मी चहा पीत राहिलो. तू त्याच महिन्यात बिऱ्हाड हलवलंस. जमिलाबी सत्यभामेला भेटून रडली, मी मागच्या खोलीत होतो.

सत्यभामेला मी शेवटपर्यंत सांगितलं नाही. मला वाटतं तिला कळलं होतं. तुझं नाव तिनं घरात पुन्हा काढलं नाही.

मी तुझा गुन्हेगार आहे. तुझ्यापाशी हे कबूल करून भागणार नाही, ते मला दिसतंय. तू मला माफ कर, असं आज म्हणत नाही. आधी जायचं तिथं जाऊन येतो.

उत्तरेश्वर


वाशी
१० ऑगस्ट २०२५

मुनवर,

सोमवारी सकाळी धाराशिवला गेलो. दोनदा दुकानावरून पुढं गेलो आणि दोनदा मागं आलो. मग आत शिरलो. पोरं होती, दोन गिऱ्हाइकं होती. योगीराज म्हणाला, "आत केबिनमधी बसू." मी म्हणालो, नको, इथंच बोलतो. आणि तुला लिहिलं ते सगळं उभ्यानं सांगितलं, फोनसकट, खडूसकट.

तो त्या पायाच्या गुडघ्यावर हात ठेवून खाली बसला. मग म्हणाला, "नऊ वर्षं त्या माणसाला शिव्या घातल्या म्या. नमाजाला पळाला म्हणून. तुम्ही माझ्या बाच्या मयतीला आलता. खांदा दिला तुम्ही. तवाबी बोलला न्हाय?"

मी म्हणालो, नाही.

"मग आता कशाला आलाव?"

मी अबुजरचं नाव घेतलं. तो उठला, दाराकडं हात केला आणि म्हणाला, "त्याचं म्या बघतो. तुम्ही निघा." मारलं असतं तर बरं वाटलं असतं. त्याच दुपारी त्यानं अबुजरच्या खोलीवर गाडी पाठवली आणि पोराला परत बोलावलं. हे मला तिथल्या रामकिसनकडून कळलं, तो टायरचा माल घेऊन इकडं येत असतो. दुकानासमोर सगळ्यांदेखत योगीराज अबुजरला म्हणाला, "चूक माझी. तुझ्या बाला सांग." तेव्हा पोरगा ठीक आहे, तू काळजी करू नकोस.

माझ्याकडं लोक हवा भरून घेतात. चाक काढू देत नाहीत. पंक्चर असलं तर पुढच्या गावापर्यंत कसंबसं नेतात. बरोबर आहे त्यांचं.

शब्दाचं मात्र काही जमलं नाही. रामकिसनबरोबर तिथलीच दोन पोरं आली होती. तेच आपलं चालू, ही रिम मुनवर, तो टायर मुनवर. मी चिडलो. म्हटलं, परवा सगळं कानांनी ऐकलंत ना? बोगस मी होतो. लावायचं तर माझं नाव लावा. पोरं ओशाळली. त्यातलं एक जरा विचार करून म्हणालं, "काका, उत्तरेश्वर लई लांब पडतंय वो. तोंडात बसत न्हाय." दुसरं म्हणालं, "आन् आमच्या मनात तुमचे मुनवर थोडेच असत्यात." खरंच आहे. त्यांच्या तोंडी तू नाहीसच, कधी नव्हतास. मी एका माणसाला खोटं पाडलं आणि त्या खोट्याचा शब्द झाला. शब्द आता धाराशिव सोडून फोनवरून कुठं कुठं गेला असेल, कोण जाणे. मी कुणाकुणाला गाठून सांगू?

आता मागतो. मुनवर, मला माफ कर. जमलं तर ये. दुकानात बसायला नको, नुसता फाट्यावर उतर, मी तिथं येतो. एक दिवस ये.

तुझाच
उत्तरेश्वर


वाशी
१४ सप्टेंबर २०२५

मुनवर,

आज सकाळी अबुजर आला होता. परवा जहीराबादहून परतला म्हणाला. मी खुर्ची पुसली, चहा सांगितला. तो बसला नाही, पण चहा घेतला. तुझ्या पोराला वळण चांगलं आहे.

म्हणाला, "अब्बांनी समदी पत्रं वाचली. फेंगड्या चाकाचं वाचून हसले पण." मला इतकं बरं वाटलं, की पुढचं ऐकायला मी नीट तयारच नव्हतो.

तुझा निरोप तू जसा दिलास तसाच त्यानं सांगितला असणार, कारण मधे मधे आठवत होता. "उत्तरेश्वरला सांग, माफ केलं. दिलापासनं केलं. त्यात काही ठेवलं न्हाय. पर भेटायचं न्हाय, आन् आता लिहू नको म्हणावं." मग त्यानं स्वतःचं सांगितलं, "पत्र आलं की अब्बा दोन दिवस जेवत न्हाईत, अम्मी रडत्या." आणि पुढं म्हणाला, "काका, अब्बा त्या दुकानातनं लई मुश्किलीनं बाहेर आलेत. त्यांना परत आत नका बोलावू."

मी म्हणालो, नाही बोलावत. त्यानं कप धुवून ठेवला आणि गेला. मी फाट्यापर्यंत सोबत गेलो, एसटी येईपर्यंत थांबलो. आम्ही पावसाबद्दल बोललो.

तेव्हा हे पत्र पोस्टात पडणार नाही. तुझं जेवण मला मोडायचं नाही. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं आणि हात लिहायला सोकावलाय, म्हणून बसलो.

माफी मिळाली की पुढं काय, याचा मी कधी विचारच केला नव्हता. मिळाली की तू येशील, आपण फेंगड्या चाकांना हसू, असंच काहीतरी डोक्यात होतं. तू माफ केलं नसतंस तर मी दर महिन्याला मागत राहिलो असतो, आणि माझं तुझ्याकडं काहीतरी काम राहिलं असतं. नऊ वर्षं मी समजत होतो, मुनवर रागावलाय म्हणून मी एकटा आहे. आता तू रागावलेलाही नाहीस.

उत्तरेश्वर